पिट्टे, पिट्टा आणि कलिवी कोडी : झाडीपट्टीतील पाखरांच्या नावांचा मागोवा

मृगाचा पाऊस सुरू झाला की वडशाच्या आसपासच्या जंगलात नवरंग येतो. साळुंकीहून थोडा लहान, शेपूट इतके आखूड की कोणी छाटून टाकले असावे. पाठ हिरवी, पोट फिकट बदामी, पंखावर चमकता निळा डाग, शेपटाखाली लाल आणि डोळ्यांवरून गेलेला जाड काळा पट्टा. एवढे रंग अंगावर असूनही तो दिसतो कमी आणि ऐकू जास्त येतो, कारण त्याचा दिवस जमिनीवर पाचोळा उलथण्यात जातो. पहाटे आणि तिन्हीसांजेला मात्र दोन सुरांची शीळ घालतो. हिवाळ्यात तो दक्षिणेत आणि श्रीलंकेत असतो. तिथले तमिळ लोक त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात, ते या शिळेमुळेच.

पक्षिशास्त्रात त्याचे नाव ‘पिट्टा ब्रॅकियुरा’. यातला दुसरा शब्द ग्रीक मुळाचा आहे. अर्थ आखूड शेपटीचा. पहिला शब्द मात्र ग्रीक नाही, लॅटिनही नाही. तो तेलुगू आहे. आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याच्या बाजारात, ‘पिट्टा’ म्हणजे पाखरू. कोणतेही लहान पाखरू. आणि गोंडीत पाखराला म्हणतात ‘पिट्टे’. द्राविडी कुळातल्या या दोन बहिणींनी जपलेला एक शब्द १८१६ साली व्हिएयो या फ्रेंच पक्षितज्ज्ञाने उचलला आणि एका अख्ख्या प्रजातीला दिला. आज मलेशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पक्ष्यांच्या यादीत तो छापला जातो.

त्याआधी १७६६ साली लिनियसने या पक्ष्याला नाव दिले होते ‘कोर्व्हस ब्रॅकियुरस’. कोर्व्हस म्हणजे कावळा! लिनियस भारतात कधी आला नव्हता. दुसऱ्यांनी केलेली वर्णने आणि काढलेली चित्रे पाहून स्वीडनमध्ये बसून तो नावे देत होता. नवरंगाला कावळ्यांच्या पंगतीला बसवण्याची ही चूक पन्नास वर्षांनी दुरुस्त झाली, आणि दुरुस्तीसाठी वापरला गेला तो आमच्याकडचा शब्द.

हे मुद्दाम सुरुवातीला सांगतो, कारण शास्त्रीय नाव म्हटले की आमच्याकडची मुले जरा बिचकतात. परीक्षेपुरते पाठ करायचे, जीभ अडखळेल असे काहीतरी परदेशी प्रकरण, अशी समजूत असते. मी वडशाचा, वैनगंगेच्या काठचा. गेली पंचवीस-तीस वर्षे पाखरांची नावे वहीत लिहून ठेवण्याचा छंद आहे. गावातल्या लोकांना हा छंद नाटकाच्या वेडापेक्षा बराच निरुपद्रवी वाटतो. वडशात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्यांत तारखा ठरवायला गर्दी होते. त्या गर्दीत धानोरा, कोरची, चामोर्शीपासून ब्रह्मपुरी, साकोलीपर्यंतची माणसे भेटतात. माझ्या वहीतली अर्धी नावे त्या बाकड्यांवर बसून मिळालेली आहेत.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ही नावे गोळा करणे म्हणजे भाषांचा नकाशा काढणेच आहे. उत्तरेला, डोळ्याला डोरा आणि काळ्याला कारा म्हणणारी आमची झाडीबोली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा शब्दकोश केला नसता तर ती अजूनही ‘अशुद्ध मराठी’च्या खात्यात पडली असती. कोरचीकडे छत्तीसगढी, धानोऱ्याला गोंडी, भामरागडला माडिया, निर्वासित वसलेल्या मुलचेरा-चामोर्शीच्या गावांत बंगाली आणि सिरोंच्याला तेलुगू. वडशाहून सिरोंचा अडीचशे किलोमीटरांच्या घरात आहे. एवढ्या वाटेत एकाच पाखराचे नाव चार-पाच वेळा बदलते.

उलटही होते. एकाच नावाखाली अनेक पाखरे राहतात. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ घ्या. मराठीत त्याला नीलपंख, चास, तास अशीही नावे आहेत. प्राणहिता ओलांडून तेलंगणात गेलात की तो होतो ‘पालपिट्टा’. हा त्या राज्याचा राज्यपक्षी आहे आणि तिथेही दसऱ्याला त्यालाच शोधतात. म्हणजे तेलुगू माणसाच्या तोंडी ‘पिट्टा’ नीलकंठाच्या नावात आहे, आणि शास्त्राच्या पोथीत तो नवरंगाला चिकटला आहे. पोथीत नीलकंठाचे नाव ‘कोरेशियस बेंगालेन्सिस’. दोन पक्ष्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. सिरोंच्याचा शेतकरी आणि लंडनचा अभ्यासक ‘पिट्टा’ एवढेच बोलले, तर दोघेही बरोबर असून दोघांचे पाखरू वेगळे असेल. शास्त्रीय नावाची गरज नेमकी इथे लागते.

या नावांची पद्धत समजायला सोपी आहे. सरकारी कागदावर आपण आडनाव आधी आणि नाव मागाहून लिहितो, तसेच हे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे गोताचा. दुसरा जातीचा. लिनियसच्या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या नावांची सुरुवात धरतात. त्यानंतर ज्याने पहिल्यांदा वर्णनासह नाव छापले त्याचे नाव टिकते. पुढे त्याच पक्ष्याला कोणी अधिक शोभेसे नाव दिले तरी ते चालत नाही. नावापुढे नाव देणाऱ्याचे आडनाव आणि साल लिहितात. ते कंसात असेल तर समजावे की पक्षी पुढे दुसऱ्या गोतात गेला. लेक सासरी गेल्यावर आडनाव बदलते पण नाव तेच राहते, तसा हा कंस. माझ्या पिढीने रानातल्या सातभाईंचे गोत ‘टर्डॉइडिस’ म्हणून पाठ केले होते. २०१८ नंतर त्यांना ‘आर्ग्या’ म्हणावे लागते. जातीचे नाव तेच.

‘पहिल्याने छापले त्याचे’ या नियमाने कधीकधी अन्यायही केला आहे. जॉन लॅथम हा इंग्रज वैद्य अठराव्या शतकाच्या शेवटी जगभरच्या पक्ष्यांची वर्णने लिहीत होता, पण त्याने सुरुवातीला फक्त इंग्रजी नावे दिली. ग्मेलिन नावाच्या जर्मन प्राध्यापकाने ती वर्णने घेतली, त्यांना लॅटिन नावे जोडून १७८८-८९ मध्ये छापली आणि शेकडो पक्ष्यांपुढे स्वतःचे नाव कायमचे लावून घेतले. लॅथम उशिराने जागा झाला. १८०१ सालच्या पुरवणीत त्याने एका सुतार पक्ष्याला नाव दिले ‘पिकस माहराट्टेन्सिस’. मराठ्यांच्या मुलखातला सुतार! आज त्याचे गोत बदलून ‘लिओपिकस’ झाले आहे. त्यामुळे लॅथमचे नाव कंसात गेले, पण ‘माहराट्टेन्सिस’ हलले नाही. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, कपाळ पिवळे असलेला हा मराठा सुतार आमच्या बांधावरच्या मोहा-बाभळींवर वर्षभर दिसतो. १८०१ म्हणजे पेशवाई अजून उभी होती. मराठ्यांचा मुलूख तेव्हा नकाशावरची जिवंत सत्ता होती. सत्ता गेली, नाव सुताराच्या अंगावर राहिले.

सत्ता गेल्यानंतरची नावे विल्यम साइक्सने दिली. हा ईस्ट इंडिया कंपनीचा फौजी अधिकारी. मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले होते. गावे, पिके, लोकसंख्या मोजता मोजता त्याने पक्षीही जमवले आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनला प्रसिद्ध केली. आमच्या प्रत्येक बोडीच्या काठावर मान आखडून बसलेली ढोकरी, जी उडाली की एकदम पांढरीशुभ्र होते, तिचे शास्त्रीय नाव साइक्सने ठेवलेले आहे : ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञावरून ‘ग्रेयी’. मोठ्या राखी सातभाईला त्याने नाव दिले ‘माल्कोमी’, ते सर जॉन माल्कमवरून. माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता, म्हणजे साइक्सचा वरिष्ठ. पण त्याआधीची त्याची ओळख मराठी वाचकाला अधिक लागणारी आहे. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला, तो हाच माल्कम. त्याच्या महिनाभर आधी चांद्याचा किल्ला पडला होता. धानाच्या बांधीवर कलकलाट करत फिरणाऱ्या पाखराच्या नावात हा सगळा इतिहास दडलेला आहे. सातभाईंना त्याचे काही नाही.

शास्त्रीय नाव म्हणजे शुद्ध शास्त्र, असेही समजू नये. रातव्याचे गोत ‘कॅप्रिमल्गस’. अर्थ : शेळीचे दूध पिणारा. रात्री गोठ्याजवळ उडणारे हे रुंद तोंडाचे पाखरू शेळ्यांचे दूध चोरते, अशी युरोपातल्या धनगरांची जुनी समजूत होती. ते खाते किडे, आणि गोठ्याजवळ येते ते किड्यांसाठीच. आपल्याकडच्या एखाद्या अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारा शिक्षक हेच नाव फळ्यावर गंभीरपणे लिहितो, याची मला गंमत वाटते. ‘रातवा’ हे आपले नाव त्या मानाने किती नेमके! फक्त ते एकाच्या नव्हे, तीन-चार जातींच्या वाट्याला येते. सगळ्यांचा रंग वाळल्या पानांचा. दिवसा त्यांच्यावर पाय पडेपर्यंत ते उठत नाहीत. हातात धरूनही जात सांगणे कठीण जाते.

अशा वेळी ओळख पटते ती आवाजावरून. गावठाणाजवळ, माळावर जो असतो त्याची हाक म्हणजे कडक जमिनीवर टाकलेली गोटी उड्या मारत थांबते तशी : टक्, टक्, टक् आणि शेवटी टकटकटर्र. जंगलातला दुसरा एकसारखे ठोके देतो आणि तिसरा किरट्या आवाजात एकच शब्द फेकतो. अनोळखी पाखरू दिसले की मी नवख्यांना रंग शेवटी लिहायला सांगतो, कारण उजेडाप्रमाणे रंग फसवतो. आधी आकार, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच, पाय, शेपटी. कुठे होते : जमिनीवर, खोडावर, पाण्यात की फांदीच्या टोकाला. काय करत होते, महिना कोणता, वेळ कोणती, आवाज कसा. एवढे लिहिले की पुस्तक उघडावे, त्याआधी नाही. आपली जुनी नावे पाहिली तर ती अशाच निरीक्षणातून घडलेली दिसतात. तांबट हे नाव हाकेवरून, टकाचोर स्वभावावरून. पावशा तर ‘पेरते व्हा’ असे सांगतो, म्हणजे आवाज आणि हंगाम दोन्ही एका नावात. धानाच्या मुलखात याहून उपयोगी नाव सापडणार नाही.

साइक्सने एका रातव्यालाही ‘माहराट्टेन्सिस’ नाव दिले. तो पक्षी मुख्यतः सिंध-गुजरातकडचा. नियम असा की नाव चुकीच्या मुलखाचे असले तरी बदलत नाही.

आता सिरोंच्याची गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

थॉमस जेर्डन हा मद्रास फौजेतला डॉक्टर. बदली होईल तिथले पक्षी जमवायचे आणि लोक त्यांना काय म्हणतात तेही लिहायचे, असा त्याचा क्रम. १८६२ ते १८६४ या काळात निघालेल्या त्याच्या ‘बर्ड्‌स ऑफ इंडिया’त हिंदी, बंगाली, तेलुगू, तमिळ, मराठी नावे सापडतात. त्याने पूर्व घाटाच्या बाजूने मिळवलेला एक पक्षी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातल्या एडवर्ड ब्लायथकडे गेला आणि ब्लायथने १८४८ साली त्याला नाव दिले ‘बायटॉर्क्वेटस’, म्हणजे दोन कंठ्यांचा. छातीवर खरोखरच दोन पट्टे असतात. आज त्याचे पूर्ण नाव ‘ऱ्हायनॉप्टिलस बायटॉर्क्वेटस’, मराठीत जेर्डनचा धाविक. लांब पायांचा, मोठ्या डोळ्यांचा, झुडपी रानात जमिनीवर पळणारा आणि रात्री हिंडणारा पक्षी.

जेर्डननंतर त्याची नोंद केली ती विल्यम ब्लॅनफर्डने. हा भूगर्भ सर्वेक्षण विभागातला शास्त्रज्ञ. त्याने नोंदवलेली ठिकाणे दोन : गोदावरीच्या खोऱ्यातले भद्राचलम आणि सिरोंचा. सिरोंचा तेव्हा आजच्यासारखे टोकाचे तालुक्याचे गाव नव्हते. १८६० मध्ये निजामाकडून ते इंग्रजांकडे आले आणि अपर गोदावरी या नव्या जिल्ह्याचे ठाणे झाले. गोदावरीतून आगबोटी चालवून मध्य प्रांताचा माल समुद्रापर्यंत न्यायचा, असा बेत सरकारचा होता. तो फसला, आणि १८७४ मध्ये सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. त्या बेताच्या काळात इथे साहेबांची वर्दळ होती, म्हणून एका आडवळणाच्या पक्ष्याची नोंद झाली. महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत हा पक्षी होता याचा पुरावा एवढाच आहे.

१९०० साली अनंतपूर-कडप्पा भागात त्याची शेवटची नोंद झाली. त्यानंतर तो दिसलाच नाही. एक पिढी गेली, दुसरी गेली. पुस्तकांत तो बहुधा नामशेष झालेल्यांच्या रांगेत जाऊन बसला. संग्रहालयांत कातडी होती, लॅटिन नाव होते, पुढे लेखकाचे आडनाव आणि साल होते. पक्षी तेवढा नव्हता.

१९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दुर्मीळ पक्ष्यांचा शोध हाती घेतला. भारत भूषण हे तरुण संशोधक कडप्पा जिल्ह्यात पक्ष्याचे चित्र घेऊन गावोगाव विचारपूस करत फिरले. ऐतन्ना नावाच्या पारध्याने पक्षी ओळखला. त्याच्यासाठी तो हरवलेला नव्हताच. त्याच्या बोलीत त्याला नाव होते : ‘कलिवी कोडी’. कलिवी म्हणजे करवंदाच्या जातीचे काटेरी झुडूप, कोडी म्हणजे कोंबडी. करवंदीच्या जाळीतली कोंबडी. जानेवारी १९८६ मध्ये ऐतन्नाने रात्री विजेरीच्या उजेडात एक पक्षी जिवंत पकडून आणला. तो काही दिवसांतच मेला, पण शहाऐंशी वर्षांनी जगाला कळले की बायटॉर्क्वेटस आहे. पुढे त्या भागात अभयारण्य झाले. रात्रीच्या या पक्ष्याला शोधायला संशोधकांनी वाटांवर वाळूचे पट्टे अंथरले, सकाळी त्यावरचे पावलांचे ठसे तपासले, आपोआप फोटो घेणारे कॅमेरे लावले. नंतर पुन्हा बरीच वर्षे तो गप्प झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच परिसरात त्याची हाक ध्वनिमुद्रित झाल्याची बातमी आली.

या गोष्टीत मला खिळवून ठेवते ते नाव. ‘कलिवी कोडी’ या दोन शब्दांत पक्ष्याचा अधिवास आहे, जमिनीवर चालण्याची सवय आहे. ‘दोन कंठ्यांचा’ हे नाव मेलेल्या पक्ष्याचे कातडे टेबलावर ठेवून दिलेले आहे, ‘करवंदीतली कोंबडी’ हे जिवंत पक्षी रानात पाहून. दोघांचा उपयोग वेगळा. ऐतन्नाच्या नावाने पक्षी सापडला, पण सापडलेला पक्षी जेर्डनचाच, हे ब्लायथच्या नावाशिवाय कोणाला पटवता आले नसते.

रानपिंगळ्याची गोष्ट याच्या अगदी उलट बाजूची. १८७२ मध्ये ब्लेविट या अधिकाऱ्याने आमच्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझरजवळ एक पिंगळा मिळवला. पुढल्या वर्षी ह्यूमने त्याला नाव दिले ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय’. हाच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता. पक्ष्यांवरची त्याची हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात नोकराने रद्दीच्या भावाने विकली, ही त्याच्या आयुष्यातली शोकांतिका. १८८४ मध्ये खानदेशात डेव्हिडसनने काही रानपिंगळे मिळवले. मग एकदम १९१४ सालचा एक नमुना, गुजरातेतला, कर्नल माइनर्ट्‌झहागेनच्या संग्रहातला. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक भलतीकडे शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने कातडे बारकाईने तपासले तेव्हा कळले की ते डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी चोरून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेले होते. खोटी नोंद बाजूला काढल्यावर शोधाची जागा आपोआप ठरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा भर दिवसा झाडावर बसलेला सापडला. आता त्याचे गोत ‘अथीनी’ मानतात, म्हणजे गावातल्या साध्या पिंगळ्याचेच.

ओळख आणि नाव यांवर प्राण कसे अवलंबून असतात हे गिधाडांनी दाखवले. लांब चोचीचे गिधाड म्हणून एकच ‘जिप्स इंडिकस’ धरले जात होते. ग्रेने १८४४ साली त्यातलेच बारीक चोचीचे वेगळे म्हणून छापले होते, पण नंतरच्यांनी ते पोटजात ठरवून इंडिकसमध्ये घातले. १९९०च्या दशकात गिधाडे पटापट मरू लागली. काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक संपली. या धामधुमीत, २००१ मध्ये, रासमुसेन आणि पॅरी यांनी दाखवून दिले की त्या दोन स्वतंत्र जाती आहेत. एक कड्यांवर घरटे करणारी, द्वीपकल्पातली. दुसरी झाडांवर करणारी, हिमालयाच्या पायथ्याची आणि आसामकडची. फरक कळला नसता तर पिंजऱ्यात जोड्या लावतानाच घोटाळा झाला असता आणि थोड्या उरलेल्या जातीचा हिशेबच लागला नसता. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झाले. आमच्या जिल्ह्यात वनविभागाने गिधाडांसाठी उपाहारगृहे काढली, म्हणजे औषधमुक्त मेलेले जनावर टाकण्याच्या ठरावीक जागा. तिथे पांढऱ्या पुठ्ठ्याचे किती आणि लांब चोचीचे किती, हे वेगवेगळे मोजावे लागते. ‘गिधाडे आली होती’ एवढ्याने भागत नाही.

आमच्या भागातल्या पक्ष्यांची शिस्तशीर यादी पहिल्यांदा झाली ती नागपूरच्या संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात. तिथले डिआब्रू यांनी १९३५ साली मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. ती उपयोगी आहे, पण तिच्यात लोक बोलत नाहीत. लोकांना बोलते केले मारुती चितमपल्लींनी. नवेगावबांध वडशाहून गोंदियाच्या गाडीने जवळच, अर्जुनी मोरगावच्या बाजूला. वनखात्याच्या नोकरीत चितमपल्ली तिथे होते. तिथे माधवराव पाटील डोंगरवारांसारखा, जंगल पाठ असलेला माणूस त्यांना भेटला, आणि त्याच्याविषयी त्यांनी ज्या आदराने लिहिले तसे फार थोड्या अधिकाऱ्यांनी गावच्या माणसाविषयी लिहिले असेल. गोंड, माडिया, पारधी, मासेमार यांच्याकडून शब्द घेत त्यांनी २००२ मध्ये ‘पक्षीकोश’ दिला. बगळ्यांच्या सामूहिक वसाहतीला सारंगागार आणि कावळ्यांच्या वसाहतीला काकागार हे शब्द मराठीत रुळवले. जून २०२५ मध्ये ते गेले. कोशातल्या नोंदी आता वाढणार असतील तर त्या गावागावांतून वाढाव्या लागतील.

माझ्या मते हे काम दहा वर्षांत झाले नाही तर राहूनच जाईल. हातात मोबाइल घेऊन आवाज ऐकवला की पक्ष्याचे इंग्रजी आणि लॅटिन नाव क्षणात मिळते, ही चांगलीच सोय आहे आणि मीही ती वापरतो. पण त्या यंत्रात धानोऱ्याच्या म्हाताऱ्याचे नाव नाही. कोणी भरलेच नाही तर असणार कुठून? म्हणून माझ्या वहीत प्रत्येक पाखरापुढे रकाने आहेत : ऐकलेले नाव, जसे उच्चारले तसेच, गाव, सांगणाऱ्याची बोली आणि वयाचा अंदाज, नावाचा त्याने सांगितलेला अर्थ, तारीख, आणि शेवटी शास्त्रीय नाव, तेही मी स्वतः पक्षी पाहिला किंवा ऐकला असेल तरच. शेवटचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा आहे. माइनर्ट्‌झहागेनची गोष्ट वाचल्यापासून तो अंदाजाने भरावासा वाटत नाही.

होळीनंतर नाटकांचा हंगाम संपला की सिरोंच्याला जायचे ठरवले आहे. आसरअल्लीकडच्या गावांत, गोदावरीच्या बाजूच्या झुडपी रानाजवळ. खिशात धाविकाचे चित्र असेल, पण ते शेवटी काढायचे. चित्र आधी दाखवले की पाहुण्याचे मन राखायला माणसे हो म्हणतात. आधी विचारायचे : रात्री गाडीच्या उजेडात, काटेरी जाळीजवळ, उडण्याऐवजी पळत सुटणारे, उंच पायांचे, मोठ्या डोळ्यांचे पाखरू पाहिले आहे का? बापाने, आजाने पाहिल्याचे सांगितले होते का? पाहिले असेल तर त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?